अंत असलेले पाणी

९ जुलै १९३६, गुरुवार

तेवीस दिवस झाले. वादाचा मुद्दा कागदावर स्वच्छ मांडला की त्याचा निम्मा भार उतरतो, असे मी विद्यार्थ्यांना चाळीस वर्षे सांगत आलो. मांडून पाहतो.

माझा मुलगा एलियावू, वय सव्वीस, सोळा जूनला दुपारी नेडुंकायलीत — आमच्याकडे खाडीला कायल म्हणतात — होडीतून पडला. वारा सुटला होता, होडी उलटली. दोघे नावाडी पोहून निघाले. ते म्हणतात — एकदा वर आला, हात दिसला, मग काही दिसले नाही. संध्याकाळपर्यंत ते काठावर उभे होते. प्रेत मिळाले नाही.

हे झाले तथ्य. आता नियम. आम्हा यहुद्यांच्या शास्त्रात पाणी दोन प्रकारचे : अंत असलेले आणि अंत नसलेले. ज्याच्या मध्ये उभे राहिले असता चारही काठ दिसतात, ते अंत असलेले. त्यात माणूस बुडाला आणि जीव जाण्याइतका वेळ कुणी बाहेर आले नाही, तर तो मेला असे धरायचे. त्याची बायको विधवा, दुसरे लग्न करायला मोकळी. पण ज्याचा एक जरी काठ नजरेपलीकडे आहे, ते पाणी अंत नसलेले. तो माणूस त्या न दिसलेल्या काठाने बाहेर पडला असेल. कुठे तरी जिवंत असेल. मग त्याची बायको बांधलेली — तिच्या शेवटच्या श्वासापर्यंत.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो : नेडुंकायलीला अंत आहे की नाही?

मांडून झाले. भार उतरला नाही.

१० जुलै, शुक्रवार — दिवे लावण्यापूर्वी

सिम्हाने आजही तीन ताटे मांडली. दोन वर्षे ती या घरात सून आहे, बावीस वर्षांची आहे, मोजता तिला येते. तिसऱ्या ताटावर तिने झाकण ठेवले — आप्पम निवू नयेत म्हणून!

१२ जुलै, रविवार

सकाळी सिम्हा धक्क्याकडे निघाली. कशाला, असे मी विचारले.

"विचारायला. दक्षिणेकडून होड्या येतात. कुणी काही पाहिलं असेल."

मी तिला बसवून घेतले आणि समजावले. परधर्माचा माणूस बोलता बोलता, कुणी न विचारता, सहज म्हणाला की अमुक माणूस मेला, मी पाहिला — तर ती साक्ष आम्ही धरतो. कारण त्यात त्याला काही साधायचे नसते. पण विचारल्यावर तोच माणूस तेच वाक्य बोलला, तर त्या साक्षीची किंमत शून्य. लोक विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून उत्तर देतात. म्हणून या घरातल्या कुणीही कुणालाही काहीही विचारायचे नाही. उत्तर कुठे असलेच, तर ते आपल्या पायांनी चालत आले पाहिजे.

तिने सारे ऐकून घेतले. मग म्हणाली, "अप्पा, दुकानात जाऊन तांदळाचं विचारायचं, तेलाचं विचारायचं. आणि नवऱ्याचं तेवढं विचारायचं नाही?"

"विचारलंस तर तूच बांधली जाशील."

"आणि आत्ता मोकळी आहे का मी?"

युक्तिवाद नीट बांधलेला नव्हता. तरी तो जसाच्या तसा लिहून ठेवला आहे.

१४ जुलै, मंगळवार

कोचीहून नफ्ताली मूप्पन येऊन गेला. आम्ही एकाच गुरूपाशी शिकलो. आमच्या लोकांत दीक्षा घेतलेला धर्मगुरू कधीच नव्हता. चार वाचलेली म्हातारी माणसे, ज्यांना लोक मूप्पन म्हणतात, तीच निर्णय देतात. नात्यातल्या माणसाचा निर्णय नात्यातल्याने द्यायचा नसतो. म्हणून तो कोचीचे मूप्पन देतील. मी फक्त हकीकत लिहून द्यायची.

"हकीकत कशाला हवी?" नफ्ताली म्हणाला. "तुझाच निर्णय आहे की — शेलोमोचा. हीच कायल, असंच बुडणं. तू तेव्हा लिहिलंस, अंत नाही. आता आम्ही आहे म्हणायचं? मग समोरच्या मल्काला काय सांगू? बाई, तीस वर्षं चुकून बसलीस, ऊठ आता?"

"मी पुन्हा तपासणार आहे."

"तपास. पण तुझ्यासारख्याने तुझा निर्णय तपासायचा म्हणजे — सापडायचं काय त्यात?"

त्याने ते कौतुकाने म्हटले.

मल्का आमच्या समोरच्या घरात राहते. कोंबड्या आणि बदके पाळते, अंडी विकते. तिचा नवरा शेलोमो १९०६ साली बुडाला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि मी छत्तीसचा. तो माझा पहिला मोठा निर्णय — सात पानांचा. त्याची नक्कल बगदादपर्यंत गेली, तिथून शाबासकी आली. आज ती सात पाने पुन्हा वाचली. एक वाक्य ढिले नाही.

२० जुलै, सोमवार

पाऊस. लिहिण्याजोगे काही नाही, तरी लिहितो.

एलियावू सात वर्षांचा असताना मी त्याला पहिल्यांदा समुद्राच्या काठावर नेले होते. त्याने विचारले, "अप्पा, तिथे रेघ आहे. रेघेच्या पलीकडे काय आहे?" मी म्हणालो, "प्रश्न चुकीचा आहे. ती रेघ पाण्यात नाही, तुझ्या डोळ्यात आहे. तू पुढे गेलास की तीही पुढे जाईल." त्याने पुन्हा रेघेकडे पाहिले. मग म्हणाला, "मग मी जातच राहीन."

मी हसलो नाही. चूक दुरुस्त करायला घेतली!

या किनाऱ्यावर प्रत्येक जमातीने त्या रेघेपाशी काही ना काही मांडून ठेवले आहे. कोळ्यांची आई पलीकडे बसलेली असते आणि घरी बायको वाकडी वागली तर नवऱ्याला आत ओढते. नसरानी लोक होडीच्या नाकाडावर क्रूस रंगवतात. अरब व्यापारी जुने नकाशे दाखवत, त्यांत ठाऊक असलेली जमीन संपते तिथे नकाशाकार डोंगरांची एक रांग काढून मोकळा होतो. त्या सर्वांपेक्षा आमचे शास्त्र मला नेहमी सभ्य वाटत आले. आम्ही तिथे राक्षस ठेवला नाही, देवी ठेवली नाही, डोंगर ठेवले नाहीत. आम्ही एवढेच म्हटले — दिसत नाही, म्हणून माहीत नाही. ही विनयाची परिसीमा आहे असे मी शिकवले.

आज पाहतो तर आम्हीही तिथे काही ठेवले आहेच. एक बाई ठेवली आहे.

२८ जुलै, मंगळवार — उपास सुटल्यावर

यरुशलेमच्या दोन मंदिरांच्या नाशाचा उपास. आज सारी गल्ली सुतक्यांसारखी जमिनीवर बसते, चपला काढून, एकमेकांची विचारपूस न करता. मुलासाठी मला बसता येत नाही. तो मेला असे ठरलेले नाही, त्यामुळे सुतक नाही, प्रार्थना नाही, कुणी दारात येऊन दोन शब्द बोलणे नाही.

आज मात्र बसता आले. सिनेगॉगच्या फरशीवर, सगळ्यांच्या बरोबर. हायीम वाण्याने हळूच माझ्या बाजूला उशी सरकवली. मी ती परत सरकवली.

मंदिरांसाठी मी आज रडलो नाही, हे नोंदवून ठेवतो.

५ ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस पावसाने उघडीप दिली. अंतोणी नावाड्याची होडी घेतली आणि कायलीच्या मध्यावर गेलो. सहासष्टाव्या वर्षी होडीत उभे राहणे सोपे नाही.

"मूप्पन, बसा हो खाली!" अंतोणी ओरडला. "तुम्ही पण गेलात तर निर्णय कोण देणार? मी?"

उभा राहिलो. पूर्वेला माडांची रांग — दिसली. दक्षिणेला चर्चची पांढरी भिंत — दिसली. पश्चिमेला वाळूचा लांब पट्टा आणि त्यावर सुरूची झाडे. तीन काठ! मग उत्तरेकडे वळलो.

उत्तरेला काठ नव्हता. शंभरेक हात रुंद तोंड होते आणि कायलीचे तांबडे पाणी त्यातून सरळ समुद्रात शिरत होते. पलीकडे फक्त ती रेघ.

म्हणजे अंत नाही. म्हणजे सिम्हा बांधलेली. माझा जुना निर्णय बरोबर होता. आयुष्यात पहिल्यांदाच मला स्वतःचे बरोबर असणे असह्य झाले.

वाळूबद्दल विचारायला मनाई नाही, म्हणून उगाच बोलायचे तसे विचारले, "हे तोंड नेहमी एवढंच असतं?"

"नेहमी? छे! हे आम्हीच फोडतो, जूनच्या सुरुवातीला. पाऊस लागला की शेतात पाणी चढतं, मग गावचे सगळे फावडी घेऊन येतो. डिसेंबरात वाळू भरते की बंद. मे संपेपर्यंत कोरडा बांध! गेल्या मार्चमध्ये माझ्या भाच्याची वरात वरून चालत गेली — बँडसकट. नवरीच्या मामाचा एक बूट रुतला तो अजून तिथंच असेल."

तो हसत होता. मी खाली बसलो.

"चक्कर आली का, मूप्पन? सांगत होतो ना बसा म्हणून."

शेलोमो चौदा मार्चला बुडाला होता.

६ ऑगस्ट, गुरुवार

मार्च.

७ ऑगस्ट, शुक्रवार

शब्बाथ लागण्यापूर्वी हे लिहून टाकले पाहिजे, नाही तर उद्याचा सारा दिवस ते माझ्याबरोबर बसेल.

१९०६ साली प्रकरण माझ्याकडे आले ते जूनमध्ये. मी धक्क्यावर गेलो. पाऊस होता, छत्री होती. उत्तरेकडे पाहिले, काठ दिसला नाही. घरी येऊन सात पाने लिहिली. होडीत बसलो नाही — नवा सदरा अंगात होता. माणूस ज्या दिवशी बुडाला त्या दिवशी ते पाणी कसे होते, असे कुणालाच विचारले नाही. पाणी ऋतूप्रमाणे आपला प्रकार बदलते ही शक्यता माझ्या सात पानांत नाही. ग्रंथांत नव्हती. अंतोणीच्या कोणत्याही पोराला ती ठाऊक होती.

चौदा मार्चला बांध बंद होता. चारही काठ होते. मासे गोळा करणारे पाच जण दुपारभर पाहत उभे होते आणि कुणी वर आले नाही. शेलोमो त्याच दिवशी मेला. मल्का त्याच दिवशी मोकळी होती.

एकीला सोडवायला निघालो. ती बांधलेलीच आहे हे सिद्ध केले, आणि जी मोकळी होती तिला मी बांधून ठेवले होते हेही सिद्ध केले. एकाच आधारवाक्यावरून दोन निष्कर्ष. तर्क म्हणून निर्दोष!

९ ऑगस्ट, रविवार

मल्काकडे गेलो. ती बदकांना कोंडा कालवत होती. उभ्यानेच सांगितले, क्रमाने : आधी तथ्य, मग नियम, मग चूक, मग चूक कुणाची.

ती कोंडा कालवत राहिली. "म्हणजे मी विधवा?"

"हो."

"कधीपासून?"

"चौदा मार्च, १९०६."

"अगंबाई. तेव्हा माझी कंबर एवढी होती." तिने कोंड्याने माखलेल्या दोन हातांत माप दाखवले. "मग आता सुतक किती दिवस धरू?"

तीस दिवसांनंतर कळलेल्या मृत्यूचे सुतक सात दिवस नसते, असे मी सांगितले. एक तास असते.

"एक तास." ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलली. "मूप्पन, तुम्हाला आठवतं? परूरचा योसेफ कापडवाला. तुमचा कागद बदलेल म्हणून दोन वर्षं थांबला होता तो. माझ्या आईनं तुमच्या पायरीवर डोकं टेकलं होतं. तुम्ही म्हणालात, शेलोमो कुठेतरी जिवंत असू शकतो. मी ते खरं धरलं हो! तीस वर्षं प्रत्येक सणाला त्याचा सदरा धुवून वाळत घातला. आता तुम्ही कोंबड्यांच्या वेळेला येऊन सांगता की तो मेलाय. मी आज त्याला मारू कशी?"

मी क्षमा मागितली. त्यासाठी जो शब्दक्रम ठरलेला आहे त्यात मागितली.

"जा घरी," ती म्हणाली. "सून एकटी असेल."

१० ऑगस्ट, सोमवार

मल्का काल दुपारी एक तास जमिनीवर बसली. सिम्हा तिच्याजवळ होती. सिम्हा सांगते, तास संपला तरी ती उठली नाही. मग कोंबड्या ओरडायला लागल्या तेव्हा उठली.

१७ ऑगस्ट, सोमवार

हकीकत कोचीला पाठवली. दोन्ही प्रकरणे, बांधाच्या तारखा, माझी चूक, त्या दिवशीच्या माझ्या नव्या सदऱ्यासकट. काही गाळले नाही.

३ सप्टेंबर, गुरुवार

उत्तर आले. मल्का : विधवा. सिम्हा : बांधलेली, जोवर कुणी आपणहून काही सांगत नाही तोवर. नफ्तालीने खाली वेगळ्या शाईत लिहिले आहे — "सदऱ्याची गोष्ट लिहायची गरज नव्हती."

सिम्हाला वाचून दाखवले. तिने कागद हातात घेतला, घडी घातली, परत दिला. "म्हणजे मी समोरच्या घरात राहायला जायचं आणि मल्का अम्मायीनं इकडे यायचं? अदलाबदल?"

रडली असती तर मला काही करता आले असते.

४ ऑक्टोबर, रविवार

सणाचे मांडव. गल्लीतली मुले नारळाच्या झावळ्या ओढत फिरत आहेत. सिम्हाच्या वडिलांचे पत्र आले. मुलीला घेऊन जातो म्हणतात. आणि पुढे — घेऊन जाऊन तरी काय करू, हेही म्हणतात. सिम्हा जायला तयार नाही. "तो न दिसलेल्या काठानं आला तर याच दारात येईल ना?" असे म्हणाली. ती माझ्याकडूनच शिकली आहे बोलायला.

धक्क्यावर ती रोज जाते. विचारत काहीच नाही. नुसती उभी राहते आणि लोकांच्या गप्पा ऐकते. कुणी नुसते "अगं ऐकलंस का" म्हटले तरी तिची मान वळते, असे हायीम वाणी सांगत होता.

१८ नोव्हेंबर, बुधवार

जे घडले ते क्रमाने लिहितो. एकही पायरी गाळणार नाही.

सकाळी नऊच्या सुमारास कोरन आला. शिंपले काढून, भट्टीत भाजून घरोघर चुना पुरवणारा माणूस. दर वर्षी घरांना चुना द्यायच्या आधी येतो. मी ओसरीवर, तो नेहमीप्रमाणे अंगणात माडाखाली. सिम्हा विहिरीवर गेली होती. पाऊस लागल्यापासून पाच महिने तो दक्षिणेला होता, आज पहाटेच परतला, असे म्हणाला.

चुन्याचे बोलला. भाव, बायकोचे गुडघे, यंदाचे शिंपले बारीक. मग पाटी खाली ठेवत म्हणाला, "उत्तरेच्या वाळूवर मात्र मोठा ढीग लागलाय. पण आमची ही तिथं बसत नाही आता. आम्ही त्या माणसाला पुरलं ना तिथं, तेव्हापासून."

माझे हात गुडघ्यांवर होते. ते तिथेच ठेवले.

त्याने बिडी पेटवली. मी बोललो नाही. त्याने आपणहून सांगायला हवे — कोण, कधी, चेहरा कसा. एकेक गोष्ट आपल्या पायांनी यायला हवी.

"केवडा लावलाय त्याच्यावर," तो म्हणाला. "आज येताना पाहिलं, छान धरलाय."

बोल, कोरन. मी मनात म्हणत होतो. पुढे बोल.

तो मग पुतण्याच्या लग्नाचे बोलू लागला. मुलीकडचे लोक माशांना नावे ठेवतात, स्वतः मात्र वाळवंटातून आल्यासारखे खातात. एक बिडी संपली. दुसरी त्याने कानाला लावली. उठला. पाटी डोक्यावर घेतली. "येतो मूप्पन. चुना सोमवारी टाकतो."

अंगणाच्या फाटकापर्यंत एकवीस पावले आहेत. त्याने सोळा टाकली. तो उद्या पुन्हा बोलेल. परवा बोलेल. धक्क्यावर बोलेल, सिम्हा तिथे उभी असेल. थांबणे हा एकमेव तर्कशुद्ध मार्ग होता आणि तो मला पूर्ण दिसत होता, चारही काठांसकट.

"कोरन," मी म्हणालो, "तो कोण होता?"

तो वळला. मला वेड लागले असावे असे त्याने पाहिले. "अहो, तुमचाच की! आपला एलियावू. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे — मी धक्क्यावर एका परगावच्या होडीवाल्याला सांगून गेलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर आला. चेहऱ्याला काही झालेलं नव्हतं. झोपल्यासारखा. आमच्या हातानं पुरला म्हणून तुम्ही रागावला असाल, म्हणून म्हटलं विषय नको."

मी रागावलो नाही असे त्याला सांगितले. फाटकापर्यंत गेलो आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. त्याने ते सोडवून घेतले — रस्त्यावर लोक होते.

मागे वळलो तर कुंपणापलीकडे मल्का उभी होती, ओच्यात अंडी.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "विचारलंत ना शेवटी."

१९ नोव्हेंबर, गुरुवार

तो मेला आहे. मला हे निश्चित माहीत आहे. जगात याहून निश्चित असे मला काही माहीत नाही. आणि हे माझे ज्ञान सिम्हाच्या कामाचे नाही, कारण ते मी मागून घेतले.

काही जुने निर्णय म्हणतात : बोलण्याला सुरुवात आपणहून झाली असेल तर पुढे एखादा प्रश्न चालतो. हे मत मी तीस वर्षे विद्यार्थ्यांसमोर खोडून काढत आलो. कालपासून ते मला गोड वाटू लागले आहे. नेमके म्हणूनच मी ते धरू शकत नाही.

सिम्हाला सगळे सांगितले. प्रश्नही सांगितला. ती खांबाला टेकून हळूहळू खाली बसली.

"झोपल्यासारखा म्हणाला?"

"हो."

"केवडा?"

"हो."

मग म्हणाली, "अप्पा, मीही विचारलं असतं. मी तर त्यानं ढीग म्हटल्याबरोबर विचारलं असतं."

माझ्यावर कुणीही, कधीही, एवढी दया केलेली नाही. तिला त्याची किंमत सारे आयुष्य द्यायची आहे.

नफ्तालीला तार केली आहे. जे झाले ते सांगेन.

२२ नोव्हेंबर, रविवार

कोचीचे तिघे सिनेगॉगात बसले. मी सांगितले : माणूस बोलला, पण मी विचारल्यावर. तिघांनी माना खाली घातल्या. तेव्हा बायकांच्या सज्जातून मल्का खाली आली आणि म्हणाली की कोरन माझ्याकडे येण्याच्या दोन दिवस आधी, सोमवारीच, तिच्या परसात आला होता, कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा घेऊन. तिने काही विचारले नव्हते. तो आपणहून बोलला — नाव, तिसरा दिवस, चेहरा, सगळे. एका बाईची साक्ष अशा प्रकरणात पुरते. नफ्ताली माझ्याकडे वळला : "साक्षीदार तपासायला तुझ्यासारखा कुणी नाही. नात्यातला असलास तरी शंका मांडता येते. विचार." कोरन गावात बुधवारी पहाटे परतला, हे तिथे फक्त मला ठाऊक होते. मल्का माझ्याकडे सरळ पाहत होती.

मी म्हणालो, मला काही विचारायचे नाही.